काटे बघून खेळलेला सामना

‘इंटरनॅशनल क्रिकेट कॅप्टन’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ १९९८ साली बाजारात आला. त्यात फलंदाजाच्या नावाशेजारी एक बारीक पट्टी असते. गडी नुकता उतरला असला की ती जवळजवळ रिकामी. चेंडू खेळत गेला की हळूहळू भरत जाते. इंग्रजीत तिला काय म्हणतात याच्याशी आम्हा भावंडांना देणंघेणं नव्हतं, कारण मराठीत तयार शब्द होता: जम. पट्टी अर्धी भरली की दादा म्हणायचा, ‘ह्याचा जम बसत आलाय गं, आता ह्याला हात लावू नको.’ हात लावायचा नाही तो शेजारच्या दुसऱ्या पट्टीला, आक्रमकतेच्या. ती तेवढी आपल्या ताब्यात. जमाची नाही. या खेळाची सगळी गंमत या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत आहे, असं मला पंचवीस वर्षांनीही वाटतं.

आम्ही तेव्हा अलोऱ्याच्या कॉलनीत राहायचो. चिपळूणहून कऱ्हाडच्या रस्त्याला लागलं की कुंभार्ली घाट चढायच्या आधी शिरगाव-पोफळीच्या शेजारी, डोंगराच्या कुशीत, कोयना प्रकल्पासाठी वसवलेली ही वसाहत. अण्णा तिसऱ्या टप्प्याच्या वीजघरात शिफ्टला. कोयनेचं पाणी बोगद्यांतून आधी पोफळीला उतरतं, तिथली यंत्रं फिरवून कोळकेवाडीच्या धरणात साठतं, आणि तिथून अलोऱ्याच्या चार यंत्रांवर येतं. प्रत्येक यंत्र ८० मेगावॉटचं, एकूण ३२०. मग ते वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे अण्णांच्या वाट्याला कायम वरच्यांनी वापरून सोडलेलं पाणी. ‘आम्ही सेकंड इनिंगवाले,’ असं ते म्हणायचे.

एकदा त्यांनी आम्हाला कंट्रोल रूम दाखवली. भिंतभर पॅनेल, दिवे, तबकड्या आणि तबकड्यांवर थरथरणारे काटे. मी विचारलं, ‘पाणी कुठाय?’ ते म्हणाले, ‘पाणी दिसत नाही. काटे बघायचे.’ माझी निराशा झाली होती. एवढ्या मोठ्या धबधब्यावर काम करणारा माणूस दिवसभर सुया बघत बसतो, हे काही पटेना.

दादाच्या बारावीनंतर घरात कॉम्प्युटर आला आणि मुंबईच्या मावसभावाकडून त्या खेळाची सीडी. रात्रपाळीला निघताना डबा हातात घेऊन अण्णा आमच्या मागे उभे राहिले. पडद्यावर धावफलक, पट्ट्या, आकडे. मध्येच एखादा चौकार किंवा बळी असला तरच मैदान दिसायचं, त्यात कळसूत्री बाहुल्यांसारखी हलणारी माणसं. बाकी सामना आकड्यांतच. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘हे तर आमचंच काम.’

कवितेचं रसग्रहण होतं, नाटकाचं होतं, गाण्याचं तर होतंच होतं. कॉम्प्युटरवरच्या खेळाचं, आणि तेही ज्यात बॅट हातात घ्यायची नाही, बटण दाबून षटकार मारायचा नाही, फक्त संघ निवडायचा, क्षेत्ररचना लावायची आणि बघत बसायचं अशा खेळाचं रसग्रहण म्हटलं की लोक हसतात. हसू देत. ज्यात करण्यासारखं इतकं कमी आणि वाटण्यासारखं इतकं जास्त आहे, त्यात काहीतरी रस असणारच.

एकच सामना घेते. दादाने यॉर्कशायर निवडली होती, कारण १९९२ साली सचिन त्या कौंटीकडून खेळला होता. सचिन तिथून गेल्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती, पण दादाची निष्ठा पक्की. चार दिवसांचा सामना, शेवटचा दिवस, आम्हाला १८३ हवेत. सात गडी गेलेले. एका बाजूला जम पूर्ण बसलेला फलंदाज, दुसऱ्या बाजूला नुकता आलेला नववा गडी. नवव्याची आक्रमकता आम्ही अगदी तळाला नेऊन ठेवली. म्हणजे त्याला निरोप गेला: बाबा रे, काही करू नकोस, नुसता उभा राहा. पुढचा चेंडू, आणि यष्टिरक्षकाकडे झेल.

आमचा निरोप चुकीचा नव्हता. त्याने तो ऐकलाही असेल. तरी तो गेला. मारधाडीच्या खेळात हरलं की आपलं बोट चुकलेलं असतं. इथे कोणाचंच काही चुकलेलं नसतं. मैदानाबाहेर बसलेल्या प्रशिक्षकाला, परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या आईला जे होतं ते त्या क्षणी होतं. सांगायचं ते सांगून झालं. आता ते त्याचं. चौदा-पंधराव्या वर्षी पालक होण्याचा अनुभव देणारी दुसरी कुठली वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट समालोचनाची. या खेळात बीबीसीच्या जोनाथन अ‍ॅग्न्यू यांचा आवाज होता. वाक्यं ठरावीक, फिरून फिरून तीच येणारी. आम्हाला ती अर्थ न कळता पाठ झाली होती. तरी प्रत्येक वेळी कान टवकारायचे. याचं कारण मला बरंच नंतर कळलं. आमच्या आधीची पिढी बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओला कान लावून ऐकत मोठी झाली. त्यांनी क्रिकेट पाहिलं त्याहून जास्त ऐकलं. चेंडू दिसत नाही. आवाज किंचित चढतो, आणि त्या चढण्यात चौकार आहे की झेल, हे पुढचा शब्द येईपर्यंत कळत नाही. त्या अर्ध्या सेकंदात ऐकणारा आपलं मैदान आपणच आखतो. संस्कृत काव्यशास्त्राने ध्वनीला काव्याचा आत्मा म्हटलं, ते जे सांगितलं नाही त्याच्या बळावर. या खेळाचा पडदाही असाच अर्धा गप्प असतो, आणि उरलेलं आपल्याला बोलावं लागतं.

त्याच्याही आधी आमच्याकडे पुस्तक-क्रिकेट होतं. कोणाकडे नव्हतं? पुस्तक उघडायचं, डाव्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. शून्य आलं तर आऊट. दोन, चार, सहाला तेवढ्या धावा. आठला आमच्याकडे एक धाव. सोपं गणित आहे: पाचांत एकदा गडी बाद, म्हणजे प्रत्येक जण सरासरी चार चेंडूंवर धावा काढणार, चेंडूमागे सव्वातीन, तर एकेकाच्या साधारण तेरा आणि संघाच्या १३०. ही आकडेमोड मी आत्ता केली, तेव्हा नाही. तेव्हा खटकायचं ते वेगळंच. पुस्तकाला सचिन आणि अकरावा गडी सारखेच. १९९८च्या एप्रिलमध्ये त्याने शारजात दोन दिवसांच्या अंतराने १४३ आणि १३४ केल्यावर तर हे सहनच होईना. मग दादाने नियम काढला: सचिनला पहिलं शून्य माफ. दुसऱ्यांदा शून्य आलं तरच आऊट.

व्यवस्थापनाच्या या सगळ्या खेळांचा जन्म याच एका दुरुस्तीतून झाला आहे. नशिबाचा फासा सगळ्यांना सारखा, तर माणसामाणसातला फरक कुठे ठेवायचा? अमेरिकेत हाल रिचमन या गणिताच्या विद्यार्थ्याने बेसबॉलसाठी खेळाडूगणिक वेगळी कार्डं आणि फासे जमवून १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ काढला. इंग्लंडात केविन टॉम्स यांनी १९८२ साली ‘फुटबॉल मॅनेजर’ कॅसेटवर विकायला आणला. १९९२ साली पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांनी ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ केला. पुढे नावाच्या हक्काची वाटणी झाली आणि त्यांच्याच कंपनीचा खेळ आजचा ‘फुटबॉल मॅनेजर’ म्हणून चालू राहिला. बेसबॉल आधी आणि फुटबॉल मागाहून, याला कारण आहे. बेसबॉल, क्रिकेट आणि आपली कबड्डी हे सुट्या सुट्या घटनांचे खेळ. एक चेंडू, एक चढाई, मग थांबा, मोजा, पुढचं ठरवा. त्यांचा हिशेब वहीत होतो. फुटबॉल वाहतं असतं, त्याचे तुकडे पाडायला यंत्रच लागतं.

आणि तुकडे पाडताना त्या यंत्राने जे केलं, ते मला आजही थोर वाटतं. सुरुवातीच्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’मध्ये मैदान नव्हतंच. एक आडवी पट्टी, तीत एकेक वाक्य येणार. अमुकने चेंडू घेतला. तमुककडे दिला. तो गोलकडे मारतो आहे... आणि पट्टी लुकलुकू लागायची. गोल झाला की नाही, ते लुकलुकणं थांबल्यावर. रेडिओतल्या अर्ध्या सेकंदाचं हे दृश्य रूप. २००३ साली वरून दिसणारं मैदान आलं, खेळाडू म्हणजे सरकणारे गोल ठिपके. २००९च्या आवृत्तीपासून ठिपक्यांना हातपाय फुटले. दर वर्षी गवत जास्त हिरवं झालं, केस हलायला लागले. माझ्या मते ठिपके हे या कलेचं शिखर होतं. ठिपका धावत सुटला की त्याला चेहरा मी द्यायचे. हातपाय आल्यावर तो चेहरा दुसऱ्या कोणीतरी दिला, आणि तो प्रत्येकाला जवळजवळ सारखाच.

हे माझं म्हातारपणाचं रडगाणं असेल, तर असो. पण ते वाटतं तितकं एकटं नाही. या मालिकेची २०२५ सालची आवृत्ती कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केली. वीस वर्षांची वार्षिक परंपरा पहिल्यांदा तुटली. जुना पाया सोडून युनिटी नावाच्या नव्या तंत्रावर सगळा डोलारा उभा करायचा होता, तो वेळेत उभा राहिला नाही. पुढची आवृत्ती ४ नोव्हेंबर २०२५ला आली. चित्रं चांगलीच सुधारली होती. आणि जुने खेळाडू चिडले ते कशावर? पडद्यावरच्या मांडणीवर. हवा तो आकडा पटकन सापडत नाही, पूर्वी एका टिचकीवर असायचा त्यासाठी आता चार खोल्या हिंडाव्या लागतात. म्हणजे वीजघर नव्याने रंगवलं, खिडक्या मोठ्या केल्या, बाहेरचा धबधबाही दिसायला लागला, पण काट्यांच्या जागा बदलून टाकल्या. अण्णांनी काय म्हटलं असतं, ते सांगायला नको.

काट्यांबद्दल आणखी थोडं. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये प्रत्येक खेळाडूचे गुण एक ते वीस या मोजपट्टीवर मांडलेले असतात: पळणं, पास देणं, धीर, कष्टाळूपणा. जगभरचे शेकडो स्थानिक जाणकार आपापल्या भागातले सामने बघून हे आकडे भरतात. एका पोर्तुगीज जाणकाराने तर एका आवृत्तीत भन्नाट गुणांचा असा एक खेळाडू घुसडला, जो मुळात त्याचाच अवतार होता, आणि जगभरच्या लोकांनी त्याला विकत घेतलं. बखरकाराने स्वतःलाच पानिपतावर पाठवावं, तसं. पण गंमत दिसणाऱ्या आकड्यांत नाही. काही आकडे खेळ लपवून ठेवतो. सातत्य किती, मोठ्या सामन्यात पाय लटपटतात का, दुखापतीचं अंग आहे का. हे तुम्हाला कधी थेट दाखवत नाहीत. वर्षभर त्या पोराला खेळवून, निरखून, मनाशी ठरवावं लागतं. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्ममध्ये उंची, शिक्षण, पगार असतो आणि स्वभाव नसतो, तसाच हा तक्ता. पण इथे तो मुद्दाम तसा केलेला आहे. २००८ साली एव्हर्टन या खऱ्याखुऱ्या क्लबने खेळाडू हुडकायला या खेळाची माहिती वापरण्याचा करार केला, तेव्हा त्यांनी दिसणारे आकडे घेतले असणार. लपलेल्यांसाठी माणूसच पाठवावा लागला असेल.

हे खेळ पुढे कुठे जाणार, याचं उत्तर मला या लपलेल्या आकड्यांत दिसतं. तिथे अजून फार थोडी माणसं राहायला आली आहेत.

डिसेंबर १९४८, पुणे. रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाडच्या २३८ला उत्तर देताना महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६, आणि त्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमन यांचा ४५२चा जागतिक विक्रम नऊ धावांवर. तिसऱ्या दिवशीचं उपाहार, आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, आता पुढे खेळायचं नाही म्हणाले. सामना सोडून संघ निघून गेला. निंबाळकर तिथेच राहिले, आणि भारताकडून एकही कसोटी न खेळता निवृत्त झाले.

आजचा कुठलाही खेळ हा सामना घडवू शकणार नाही. ८२६ धावा होऊ शकतील, ४४३ होऊ शकतील, पाऊस येऊ शकेल. पण ठाकोरसाहेब येणार नाहीत. त्यांच्यासाठी जी पट्टी हवी, ती कोणी काढलेलीच नाही; तिचं नाव अब्रू. संस्थानाच्या गोलंदाजीवर विक्रम झाला असं जगभर छापून येणार, या विचाराने हळूहळू भरत जाणारी आणि उपाहाराला काठोकाठ होणारी पट्टी. खेळ त्या पट्टीला घाबरतात, कारण तिच्यामुळे खेळाचे नियमच मोडतात. पण माणूस खेळतो तिथे कधी ना कधी ही पट्टी भरतेच.

याच्या उलट टोकाला दुसरी पट्टी आहे, वाट पाहण्याची. फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद कांबळीने हॅरिस शील्डमध्ये ६६४ची भागी केली, तेव्हा पुढच्या क्रमांकावरचा मुलगा पॅड बांधून दोन दिवस बसून होता. तो अमोल मुझुमदार. पुढे रणजी पदार्पणातच २६०, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, आणि भारताकडून एकही सामना नाही. व्यवस्थापनाच्या खेळात असा खेळाडू सापडला की मी त्याला पहिल्याच दिवशी कसोटी संघात घालते. बहुतेक जण घालत असतील. इतिहासाची अशी परस्पर दुरुस्ती हा या खेळांचा एक मोठा आनंद आहे, आणि त्यात थोडा रडवेपणाही आहे. पण खेळ त्याचे ते पॅड बांधलेले दोन दिवस दाखवू शकत नाही. खेळात बाकावरच्या खेळाडूचा ‘उत्साह’ दर आठवड्याला एक घर खाली येतो आणि तो बदलीचा अर्ज टाकतो. बसून राहून, काही न मागता, आतून दुसरंच काही होत जाणारा माणूस त्यात नाही.

तो माणूस पुढे काय झाला ते आपण पाहिलं. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील मैदान, भारतीय महिला संघ विश्वविजेता आणि प्रशिक्षक अमोल मुझुमदार. साखळीत लागोपाठ तीन सामने हरलेला संघ होता तो. इंग्लंडविरुद्ध वगळलेली जेमिमा रॉड्रिग्ज उपांत्य सामन्यात तिसऱ्या क्रमांकावर गेली, तेही मैदानात उतरायच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळून, आणि ऑस्ट्रेलियाच्या ३३८चा पाठलाग करताना नाबाद १२७ करून आली. अंतिम सामन्यात कर्णधार हरमनप्रीतने चेंडू दिला तो शेफाली वर्माला. हा संघ कॉम्प्युटरवर माझ्या हाती असता तर? जेमिमाची पट्टी बघून मी तिला पाचव्या क्रमांकावर ठेवलं असतं. शेफालीच्या गोलंदाजीचा आकडा बघून तिच्या हाती चेंडू देण्याचा विचारही केला नसता. तिने दोन बळी घेतले. हरमनप्रीत नंतर म्हणाली की आतून वाटलं म्हणून दिला. काटे वाचणाऱ्याला हे आतून वाटणं कुठल्या तबकडीवर दिसायचं?

त्यानंतर दोनच दिवसांनी ‘फुटबॉल मॅनेजर’ची ती नवी आवृत्ती आली, आणि तिच्यात पहिल्यांदाच महिलांचं फुटबॉल होतं. १९९८च्या आमच्या खेळात बाईमाणूस औषधालाही नव्हती. तेव्हा मला ते खटकलंही नव्हतं, हे आता खटकतं. मी सव्वीस वर्षं पुरुषांचेच संघ चालवत आले. मांडणीबद्दल कोणी काय ओरडायचं ते ओरडो, या एका गोष्टीसाठी मी त्या आवृत्तीला बरंच माफ करते.

आता यंत्राला बोलता येऊ लागलं आहे, तेव्हा पुढच्या खेळांत प्रत्येक खेळाडू आपल्याशी गप्पा मारणार, हे उघड आहे. आज पत्रकार परिषदेत तेच ते प्रश्न येतात आणि लोक कंटाळून साहाय्यकाला पाठवून देतात. उद्या पत्रकार नवे प्रश्न विचारतील. विचारोत. मला भीती वाटते ती फार बोलण्याची. ज्याचा जम का बसत नाही हे तो स्वतःच तीन परिच्छेदांत समजावून सांगतो, त्या फलंदाजाबद्दल मी कशाला तर्क करत बसू? बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसून रुसणारा खेळाडू जास्त अवघड आणि जास्त खरा. यंत्राला नवी बुद्धी आलीच आहे तर ती त्याला गप्प बसायला शिकवायला वापरावी.

आपल्याकडे या सगळ्याला मध्येच एक आडवाट फुटली होती. संघ निवडायचा, पैसे लावायचे, आज रात्री निकाल. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांचा तो कारभार बंद झाला. मला त्याचं सुतक नाही. ज्या संघाबरोबर पावसाळा काढला नाही, तो संघ कसला?

पावसाळा काढणं म्हणजे काय, हे कोयनेवर राहिलेल्याला सांगावं लागत नाही. धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं, पण पश्चिमेकडे वळवून वीज करायला लवादाने आखून दिलेलं वर्षाला साडेसदुसष्ट. १ जून ते ३१ मे हे तांत्रिक वर्ष. कळव्याच्या भार केंद्रातून फोन आला की यंत्र चालू, फोन आला की बंद. संध्याकाळी अख्ख्या महाराष्ट्रात दिवे लागतात तेव्हा हे पाणी सर्वांत मोलाचं, पण सगळं दिवाळीलाच खर्चून चालत नाही. मे महिना काढायचा असतो. अण्णांच्या बोलण्यात कायम ‘किती उरलंय’ असायचं. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये डिसेंबरात थकलेले पाय आणि एप्रिलमधले सामने यांचं जे गणित मांडावं लागतं, ते मी कोणत्याही मार्गदर्शिकेतून शिकले नाही.

म्हणून मला हवा असलेला पुढचा खेळ मँचेस्टरचा नाही. तो कबड्डीचा आहे, आणि तो आमच्याच पंचक्रोशीतल्या एखाद्या मंडळाचा आहे. कबड्डी या प्रकाराला इतकी फिट बसते की आश्चर्य वाटतं. तीस सेकंदांची चढाई, मग थांबा. बाद झालेले गडी परत येतात ते ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने, म्हणजे आपला हुकमी चढाईपटू रांगेत तिसरा असेल तर तो परत यायला समोरचे तीन गडी बाद करायला हवेत. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी करो वा मरो. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक गुण जादा, म्हणून कधी कधी कमी माणसांत राहणंच फायद्याचं. हा सगळा संघ चालवणाऱ्याच्या डोक्याचा खेळ आहे, आणि तो पट्ट्यांवर उत्तम वाचता येईल.

पण मला त्यात खऱ्या पट्ट्या हव्यात. पहिली, रजेची. संघातले निम्मे गडी मुंबईला, शिमग्याला येणार की नाही ते त्यांच्या साहेबावर आणि रेल्वेच्या तिकिटावर. कोकण रेल्वे १९९८च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. त्यामुळे ही पट्टी जरा लवकर भरेल, पण वेटिंग लिस्ट हा लपलेला आकडाच राहील. दुसरी पट्टी मानाची: कोपऱ्यात कोण उभा राहणार, यावरून दोन वाड्यांत बोलणं बंद आहे का. तिसरी आईची. गेल्या वर्षी खांदा निखळलेला मुलगा खेळायला तयार आहे, घरून परवानगी नाही, आणि ती परवानगी काढायला प्रशिक्षकाने घरी जाऊन चहा प्यायला हवा. किती चहा, ते खेळाने सांगू नये. मैदान दाखवूच नये फारसं. लाल माती, चार हॅलोजन, लाउडस्पीकरवरून येणारा समालोचकाचा आवाज एवढं पुरे.

यॉर्कशायरचा तो सामना आमचा पुरा झाला नाही. आठ गडी बाद, ३१ हव्या होत्या, जम बसलेला अजून उभा होता. जूनची संध्याकाळ, कुंभार्लीकडून गडगडाट झाला आणि लाईट गेली. सेव्ह केलेलं नव्हतं. आम्ही मेणबत्तीच्या उजेडात वहीत धावफलक लिहून ठेवला आणि पुढचे दोन दिवस काय झालं असतं यावर भांडलो.

परवा दादाला फोनवर कबड्डीच्या खेळाची कल्पना सांगितली. तो आता पुण्यात असतो, त्याची मुलगी पेन्सिलवर आकडे कोरून खेळते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘बाकी ठीक आहे, पण शेवटच्या चढाईला लाईट गेली पाहिजे.’

‘आणि मग?’

‘मग काय? पंचांनी शिट्टी मारायची, आणि सगळ्यांनी आहे तिथेच अंधारात बसून राहायचं.’